शेगावच्या फलाटावरचं हंगेरियन गाव

शेगाव स्थानकात गाडी येण्याआधी फलाटावरची माणसं माना वर करून उभी असतात. वर टांगलेल्या फलकांवर एस-४, बी-२ अशी अक्षरं उजळतात आणि आपला कोच कुठे लागणार याच्या अंदाजाने पिशव्या पुढेमागे सरकू लागतात. गजानन महाराजांचं दर्शन घेऊन परतणाऱ्या कुटुंबातली एखादी आजी म्हणते, "आपला डब्बा मांगं हाये." आजीच्या तोंडी डबा, तिच्या नातवाच्या हातातल्या तिकिटावर कोच.

बुलढाणा जिल्ह्यात हा शब्द आणखीही काही वाटांनी फिरतो. चिखली-मेहकरकडून रात्री पुण्याला निघणाऱ्या खाजगी गाड्यांच्या काचांवर 'स्लीपर कोच' रंगवलेलं असतं. बुलढाण्यात धनुर्विद्येचा सराव करणाऱ्या मुलांसाठी कोच म्हणजे नेम धरायला शिकवणारा माणूस. आणि दहावीचा निकाल लागला की घराघरांत जी बोलणी सुरू होतात, त्यांचा निम्मा भाग 'कोचिंग' या एका शब्दाभोवती असतो: बुलढाण्यातच लावायचं, अकोल्याला ठेवायचं, की थेट लातूरला. रेल्वेचा डबा, आरामगाडी, खेळाचा गुरू आणि शिकवणी या चारही गोष्टी एकाच शब्दाच्या आहेत. तो आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण तो मुळात इंग्रजी नाही. ते हंगेरीतल्या एका खेड्याचं नाव आहे.

हंगेरीतलं बुडापेस्ट आणि ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना यांच्यामध्ये रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटरचं अंतर आहे. या जुन्या वाटेवर, बुडापेस्टपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, ताता नावाच्या शहराजवळ हे गाव आहे. वस्ती अडीच-तीन हजारांची. रोमन लिपीत त्याचं नाव के, ओ, सी, एस अशा चार अक्षरांत लिहितात, त्यामुळे नवखा माणूस ते 'कॉक्स' असं वाचेल. पण हंगेरियनमध्ये सी आणि एस शेजारी आले की त्यांचा च होतो. 'चहा'तला च, 'चमचा'तला नव्हे. म्हणजे गावाचं नाव कोच. इंग्रज माणूस हा शब्द 'कोउच' असा लांबवून उच्चारतो. मराठीने तो घेताना आपल्या साध्या ओकारात बसवला आणि नकळत मूळ उच्चाराच्या शेजारी नेऊन ठेवला. त्या गावातला कुणी शेगावच्या फलाटावर उभा राहिला, तर आजूबाजूच्या बोलण्यात त्याला आपल्या गावाचं नाव स्वच्छ ऐकू येईल.

गावाच्या नावाची गाडी कशी झाली, हे मराठी वाचकाला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळेल. हंगेरियनमध्ये गावाच्या नावाला शेवटी ई जोडला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. बुडाचा तो बुडाई, पेश्तचा तो पेश्ती, कोचचा तो कोची. आपल्याकडे पैठणची ती पैठणी, कोल्हापूरची ती कोल्हापुरी, वऱ्हाडचा तो वऱ्हाडी. या दोन ई-कारांचं एकमेकांशी काही नातं नाही. भाषांची कुळंच वेगळी आहेत. पण पुढची पायरीसुद्धा सारखी आहे. 'पैठणी साडी' म्हणता म्हणता साडी गळून गेली आणि पैठणी हेच वस्त्राचं नाव झालं. तसंच हंगेरीत आधी 'कोची सेकेर' म्हणत. सेकेर म्हणजे गाडी. कोची सेकेर म्हणजे कोच गावची गाडी. रोजच्या बोलण्यात सेकेर गळाला, कोची उरला. आजच्या हंगेरियनमध्ये 'कोची' म्हणजे कुठलीही गाडी: घोड्याची, मोटार किंवा रेल्वेचा डबा.

एखाद्या वाहनाला गावाचं नाव मिळणं ही साधी गोष्ट नाही. वऱ्हाडात गाड्यांचे प्रकार थोडे नव्हते. ओझ्याची बंडी होती, खाचर होतं, सोयऱ्यांकडे जायला हलकी दमणी होती, चपळ रेंगी होती. शंकरपटात धावणारी गाडी तर आणखीच हलकी. पण यांपैकी एकाही नावात गाव नाही. त्याचं कारण मला बलुतेदारीत दिसतं. गावचा सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे घडवी, गावचा लोहार लाल तापलेली धाव चाकावर चढवी, आणि ती गाडी आसपासच्या पाच-दहा गावांतच झिजून जाई. प्रत्येक गावात घडणाऱ्या वस्तूला गावाचं नाव कोण देणार? वस्तू लांब गेली, परक्या लोकांनी ती पाहिली आणि 'ही कुठली?' असं विचारलं, तरच तिच्यामागे तिचं गाव जातं. कोचच्या गाड्यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १४५८ ते १४९० या काळात, हंगेरीवर मात्याश हा राजा होता. १४८५ मध्ये त्याने व्हिएन्ना जिंकलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं बरीचशी तिथेच काढली. राजा व्हिएन्नात आणि राज्याचं मूळ ठाणं बुडात. (तेव्हा 'बुडापेस्ट' नव्हतं, बुडा, ओबुडा आणि पेश्त ही शहरं १८७३ मध्ये एक झाली.) साहजिकच या दोन शहरांमधला रस्ता म्हणजे राज्याची मुख्य नाडी झाला. त्यावरून दूत, अधिकारी, व्यापारी यांची सतत ये-जा चाले. वाटेवर ठरावीक टप्प्यांना थांबायचं, दमलेले घोडे सोडायचे, ताजे जोडायचे आणि पुढे निघायचं, अशी व्यवस्था होती. कोच हा त्यातला एक टप्पा. तिथले गाडीवान प्रवासी वाहून नेण्याचा धंदा करत आणि तिथले कारागीर त्यासाठी लागणाऱ्या गाड्या घडवत. विणलेल्या काड्यांच्या हलक्या बाजू असलेली, अनेक घोड्यांनी ओढायची ही गाडी अवजड मालगाड्यांच्या मानाने फार वेगवान होती. प्रवासाचा वेळ घटवणारी गाडी म्हणून तिचा लौकिक झाला.

पण ही हकिकत कुणी सांगितली म्हणून का मानायची? 'अमुक शब्द तमुक गावावरून आला' अशा कथा जगभर पिकतात. व्युत्पत्तीच्या अभ्यासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तारीखवार साक्षीदार: शब्द नवा असताना त्या जागी असलेला, आणि त्या शब्दाबद्दल खोटं बोलण्याचं काही कारण नसलेला माणूस. कोचच्या बाबतीत असे साक्षीदार एक नव्हे, तीन आहेत.

पहिली साक्ष कायद्याची. १५२३ मध्ये राजा दुसरा लायोश याच्या काळात हंगेरीत एक कायदा झाला. तुर्कांचं संकट दारात होतं. सरदारांनी लढाईला यायचं ते घोड्यावर किंवा पायी, शस्त्रसज्ज होऊन; बरेच जण येतात तसं कोचीत बसून नव्हे, असं त्यात बजावलं होतं. या एका कलमातून केवढी माहिती मिळते. १५२३ पर्यंत कोची इतकी सोयीची आणि इतकी लोकप्रिय झाली होती की लढाईलाही लोक तिच्यात बसून येऊ लागले आणि राज्याला ते थांबवावं लागलं. तीनच वर्षांनी, १५२६ मध्ये, मोहाचच्या लढाईत हंगेरियन सैन्याचा दारुण पराभव झाला आणि तो राजाही मेला.

दुसरी साक्ष प्रवाशाची. झिगिस्मुंड फॉन हर्बरस्टाइन हा हाब्सबर्ग दरबाराचा वकील रशियाच्या वर्णनासाठी प्रसिद्ध आहे. ते त्याने १५४९ मध्ये लॅटिनमध्ये छापलं. त्यात हंगेरीतल्या प्रवासाचे टप्पे सांगताना तो लिहितो की घोड्यांना दम खाऊ देण्याचा चौथा मुक्काम ज्योर शहराच्या पुढे एका गावात आहे, आणि त्याच गावावरून तिथल्या गाडीवानांना आणि गाड्यांना, दोघांनाही नाव पडलं आहे. हा माणूस कुठलीही व्युत्पत्ती सिद्ध करायला निघालेला नव्हता. तो फक्त आपल्या वाटेवरचे थांबे मोजत होता. म्हणूनच त्याच्या त्या एका ओळीवर माझा इतका विश्वास आहे.

तिसरा साक्षीदार स्पॅनिश. सम्राट पाचवा चार्ल्स जर्मनीत लढत असताना लुइस दे आविला हा सरदार त्याच्यासोबत होता. त्याचा वृत्तांत १५४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सम्राटाला संधिवाताने ग्रासलं होतं. तो एका झाकलेल्या गाडीत झोपला, असं सांगून आविला पुढे म्हणतो की हंगेरीत या गाडीला 'कोचे' म्हणतात आणि तिचं नाव आणि शोध दोन्ही त्याच देशाचे. स्पॅनिश माणसाला आपल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगावा लागला, म्हणजे तेव्हा तो स्पेनमध्ये नवा होता. आज स्पेनमध्ये 'कोचे' हा मोटारीसाठी रोजचा शब्द आहे.

पुढचा प्रवास भराभर झाला. जर्मनीत 'कुट्शे', इटलीत 'कोक्यो', फ्रान्समध्ये 'कोश', पोलंडमध्ये 'कोच'. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो इंग्लंडात पोचला. १५६४ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पदरी एक डच गाडीवान आला आणि दरबारी लोकांमध्ये कोचची हौस पसरली, असं त्या काळच्या इंग्रज इतिहासकाराने नोंदवून ठेवलं आहे. एका पिढीत हा शब्द युरोपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, कारण ज्या वस्तूचं ते नाव होतं ती स्वतःच्या चाकांवर चालत गेली.

इथे थोडं थांबून एका सापळ्याविषयी सांगायला हवं. जुन्या मराठी कादंबऱ्यांत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात 'कोच' असतो आणि नायिका त्यावर बसते. तो कोच म्हणजे गादीचं लांब आसन. तोही इंग्रजीतून आला, पण त्याचं मूळ 'आडवं होणं' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे. गाडीच्या कोचशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींचे उच्चार आणि स्पेलिंग वेगळे आहेत, मराठीत येताना ते एकाच साच्यात पडले. बंगालमधल्या कूचबिहारचं नाव कोच या तिथल्या जमातीवरून आलं. केरळातलं कोची हे बंदर हंगेरियन 'कोची'सारखं तंतोतंत ऐकू येतं आणि तरीही त्याच्याशी अनोळखी आहे. केवळ ध्वनीच्या साम्यावर व्युत्पत्ती ठरवणारा माणूस या चौघांना एकाच घरातले मानेल. बुलढाण्यातही ही सवय नवी नाही. जिल्ह्याचं नाव 'भिलठाणा' म्हणजे भिल्लांचं ठाणं यावरून आलं, असं नेहमी सांगितलं जातं. ते बरोबरही असेल. पण असं नाव तपासताना जुन्या सनदा, महसुली कागद आणि नकाशे यांत ते कसं लिहिलं आहे, हे आधी पाहायला हवं. कोचच्या बाबतीत आपलं भाग्य एवढंच की कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलं.

आता रुळांकडे वळू. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा उतारूंचे डबे कसे असावेत याचा कुणाकडेच वेगळा नमुना नव्हता. मग कारागिरांनी घोड्यांच्या कोचच्या तीन पेट्या एका चौकटीवर ओळीने बसवल्या. प्रत्येक पेटीला बाजूला दार आणि आत समोरासमोर दोन बाकं. पहिल्या वर्गाचे जुने डबे पाहिले तर बाहेरून तीन घोडागाड्या चिकटवल्यासारखेच दिसतात. वस्तू सरकली तसं नावही सरकलं. नाव एकटं आलं नाही, आपली सगळी माणसं आणि सामान घेऊन आलं. टपालाच्या कोचवर बंदूक घेऊन बसणारा 'गार्ड' रेल्वेत आला. कोचच्या कचेरीत प्रवाशाचं नाव वहीत लिहून घेत, त्यावरून पडलेलं 'बुकिंग' रेल्वेत आलं. आज मलकापूरचा माणूस मोबाइलवर बुकिंग करतो, त्यात वही नाही की दौत नाही, पण शब्द तोच.

बुलढाणा जिल्ह्यात रेल्वे आली ती कापसासाठी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळवरून वऱ्हाडात शिरला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर मिर्झापूरला गंगेकाठी किंवा घाटाखाली मुंबईला जाई. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ पासून इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि खामगावच्या बाजाराला एकदम मोल आलं. मुख्य मार्ग खामगावला वळसा घालून जलंबवरून गेला होता, म्हणून जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा फाटा मुद्दाम टाकण्यात आला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला. एवढ्याशा फाट्यासाठी देशाचा मुख्य अधिकारी येतो, यावरून त्या कापसाची किंमत कळते. गाठी वाहणारी वाघीण आणि माणसं वाहणारा कोच हा रेल्वेतला फरक तेव्हापासूनचा. रेल्वेच्या कारभारात आजही मालवाहतूक वेगळी आणि 'कोचिंग' वेगळं. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याला 'कोचिंग डेपो' म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर परीक्षेची पुस्तकं येत नाहीत, उतारूंचे डबे येतात.

स्वातंत्र्यानंतर कोच भारतात घडू लागले. चेन्नईतल्या पेरांबूरचा इंटिग्रल कोच कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला. तिथले डबे कित्येक पिढ्यांनी पाहिले. अलीकडचे लाल डबे एलएचबी म्हणून ओळखले जातात. ती अक्षरं लिंके, हॉफमान आणि बुश या जर्मन नावांची. एवढं होऊनही लोकांच्या तोंडी 'डबा' आणि 'बोगी' हेच शब्द टिकले. बोगी म्हणजे खरं तर डब्याखालची चाकांची चौकट, पण आपल्या लोकांनी चाकांचं नाव अख्ख्या डब्याला दिलं. मला त्यात चूक दिसत नाही. कोचच्या कारागिरांच्या गावाचं नाव गाडीला लागलं, तेव्हाही असंच घडलं होतं: एका गोष्टीचं नाव दुसरीला.

गाडीचा मास्तर कसा झाला, ही या शब्दाची सर्वांत सुंदर उडी आहे. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या बोलीत खाजगी शिकवणी घेणाऱ्याला 'कोच' म्हणू लागले. परीक्षेच्या पलीकडच्या तीरावर विद्यार्थ्याला जो वाहून नेतो, तो कोच. म्हणजे ज्यांना चालत जाणं जड होतं त्यांच्यासाठीची ही गाडी. १८६१ च्या सुमारास हाच शब्द खेळात गेला, आणि तोही आधी होड्यांच्या शर्यतींत. तिथून क्रिकेट, कुस्ती आणि धनुर्विद्या.

धनुर्विद्येचं नाव घेतलं की बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारचं नाव घ्यावंच लागतं. २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात त्याने जगातला अव्वल मानला जाणारा नेदरलँड्सचा माइक श्लोसर याला १४९-१४८ असं एका गुणाने हरवलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड प्रकारात ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण मिळवलं. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला अजून रेल्वे नाही, खामगाव-जालना मार्गाची मागणी जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, तिथल्या मुलाने हे केलं, याचा मला फार आनंद आहे. बुलढाण्यात रेल्वेचा कोच पोचला नाही. खेळाचा पोचला, आणि त्याने काय करून दाखवलं हे साऱ्या आशियाने पाहिलं.

शब्दाचे डबा आणि शिकवणी हे दोन अर्थ एकाच मराठी शहरात शेजारी नांदतानाही दिसतात. लातूर हे शिकवणीसाठी महाराष्ट्रभर ओळखलं जातं. बुलढाण्याची कितीतरी मुलं नीट आणि जेईईच्या तयारीसाठी तिथे राहतात. त्याच लातूरजवळ २०१८ मध्ये मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथून पहिल्या कोचचा सांगाडा बाहेर पडला. एका बाजूला कोच घडतात, दुसऱ्या बाजूला कोचिंग चालतं. त्या गावात राहून शिकणाऱ्या मुलांना दोन्ही शब्दांमागचं ते खेडं कुणीतरी सांगायला हवं. कोच गावातल्या ज्या सुतारांनी आणि लोहारांनी ती पहिली हलकी गाडी घडवली, त्यांतल्या एकाचंही नाव इतिहासाने जपलेलं नाही. राजाचं नाव राहिलं, वकिलाचं राहिलं, सम्राटाच्या दुखण्याची नोंदही राहिली. कारागिरांचं फक्त गाव राहिलं.

शब्दांची ही वाट एकाच दिशेची नाही. हंगेरियन लोकांचा एक पंडित आपल्या पूर्वजांचं मूळ स्थान शोधत आशियात आला होता. त्याचं नाव शांदोर चोमा. कोरोश गावचा म्हणून 'कोरोशी', म्हणजे इथेही तोच गावाचा ई. त्याने १८३४ मध्ये कोलकात्याहून तिबेटी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्याचा अंत झाला. हंगेरियनचे सगेसोयरे त्याला इथे सापडले नाहीत. ती भाषा फिनिशच्या आणि सायबेरियातल्या खांती-मान्सींच्या कुळातली आहे. पण हंगेरियन लोकांचे पूर्वज मध्य युरोपात येण्याआधी गवताळ मैदानांवर इराणी भाषा बोलणाऱ्यांच्या शेजारी राहिले, आणि शेजाऱ्यांकडून त्यांनी शब्द घेतले. हंगेरियनमध्ये शंभराला 'साज' म्हणतात, त्याचं मूळ आपल्या 'शत'शी जोडलेलं आहे. हजाराला 'एजेर' म्हणतात. तो आणि आपला 'हजार' एकाच इराणी शब्दाचे. (या दोन्ही शब्दांतला ज 'आवाज'मधल्या जसारखा.) गायीला 'तेहेन' म्हणतात, आणि बहुतेक अभ्यासक त्याचं नातं 'धेनू'शी लावतात. बाजाराला ते 'वाशार' म्हणतात. खामगावचा कापसाचा बाजार आणि हंगेरियन वाशार हे एकाच जुन्या इराणी शब्दाचे वंशज आहेत. आपल्याकडे तो फारसीतून आला, त्यांच्याकडे गवताळ मैदानांतून.

आता शेवटचा शब्द, जो हंगेरीची ओळख म्हणून आपल्या शहरांतल्या दुकानांत बाटल्यांमधून विकला जातो: पॅप्रिका. ही लाल मिरचीची पूड. मिरचीचं झाड अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते भारतात आणलं, आणि तुर्की सत्तेच्या काळात ते हंगेरीत गेलं. सेगेद या हंगेरियन शहरात आल्बेर्त सेंट-ज्योर्जी याने १९३० च्या दशकात याच मिरचीतून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं, आणि १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. झाड नवं होतं, त्यामुळे त्याला नाव द्यायला सगळ्यांनीच ओळखीचा तिखट पदार्थ शोधला. मराठीने मिरीवरून मिरची केलं. हंगेरीच्या दक्षिणेकडचे स्लाव लोक मिरीला 'पापर' म्हणत, त्यावरून त्यांनी 'पॅप्रिका' केलं, आणि तो शब्द हंगेरियनांनी उचलला. पापर हा लॅटिन 'पिपेर'वरून, पिपेर हा ग्रीक 'पेपेरी'वरून, आणि पेपेरी हा भारतातल्या 'पिप्पली'वरून. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी: सुंठ, मिरी, पिंपळी अशा त्रिकटूतली तिसरी. मिरीबरोबर तीही पश्चिमेकडे गेली आणि तिचं नावच मिरीला चिकटलं.

ती पिंपळी शोधायला बुलढाण्याहून फार लांब जावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट आणि अंजनगाव सुर्जीच्या पट्ट्यात बारी समाजातले शेतकरी नागवेलीच्या पानमळ्यांबरोबर पानपिंपळीही लावत आले आहेत. वेलाला सावली लागते, ओलावा लागतो, आणि फळं हाताने खुडून उन्हात वाळवावी लागतात. वाळलेला माल आयुर्वेदिक औषधांच्या व्यापाऱ्यांकडे जातो, आणि तिथल्या पावत्यांवर त्याचं नाव अजूनही पिंपळी असंच लिहिलेलं असतं.